गीझर फटफटायला लागला की

लेकरा, तुझ्या गीझरातून फटफट आवाज येतो आणि पाणी कधी चटका देतं, कधी नुसतं कोमट, असं कानावर आलं. नवा घ्यायला लगेच बाजारात पळू नकोस, आधी हे वाच. आणि कशालाही हात लावण्याआधी एमसीबी पाड.

१. पाणी कुठलं वापरतोस ते आधी बघ — आपल्या जालन्याखाली काळा बेसॉल्ट आहे, त्याच्या भेगांतल्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम उतरलेलं असतं. जायकवाडीचं नळाचं पाणी लांबलं की आपण बोअर नाहीतर टँकरवर येतो, म्हणून म्हणते, बोअर फुकट, कॉइल विकत.

२. फटफट आवाज म्हणजे कॉइलवर क्षाराचा थर चढलाय — थराखाली अडकलेल्या पाण्याची वाफ होते आणि भाताच्या झाकणाखाली बुडबुडे फुटावेत तशी ती फुटते. नुसता बारीक सूं आवाज असेल तर काळजी सोड, पाणी तापतंय.

३. नळ सावकाश बंद कर — पंपाच्या दाबाचं पाणी एकदम अडलं की पाइपात धाडकन आवाज होतो, त्यात गीझरचा काही दोष नाही.

४. वरची टाकी रिकामी होऊन पुन्हा भरली असेल तर गरम पाण्याचा नळ सोडून सलग धार येऊ दे, मगच बटण दाब — आत हवा राहिली तर कॉइल कोरडी जळते.

५. थर्मोस्टॅट ६० अंशांच्या वर नेऊ नकोस — त्यापुढे क्षार झपाट्यानं बसतो, आणि घरात लहान लेकरं आहेत.

६. दरवर्षी दसऱ्याआधी मेकॅनिककडून गीझर उघडून घे — दिवाळीच्या अभ्यंगस्नानाच्या पहाटे कुणी येत नाही. कॉइल लिंबूसत्वाच्या कोमट पाण्यात भिजत ठेवायला सांग, वायरीची टोकं मात्र कोरडी राहू देत. संडासाचं अ‍ॅसिड किंवा सुरी जवळसुद्धा नको — तांब्याला भोक पडतं.

७. त्याच दिवशी अ‍ॅनोड रॉड बघून घे — मॅग्नेशियमची ती कांडी स्वतः झिजते आणि टाकीला गंजू देत नाही. कांडी झिजली तर कामाची, टाकी झिजली तर भंगाराची.

८. पाणी कोमटच येत असेल तर व्होल्टेज मोजायला लाव — २३० चे १९० झाले की २००० वॅटची कॉइल १४०० वॅटसुद्धा देत नाही. मग १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर जायला एकवीसऐवजी एकतीस मिनिटं लागतात, तेवढा दम धर.

९. हँडशॉवरचं तोंड बंद आणि मिक्सर उघडा, असं ठेवू नकोस — गार पाणी उलटं गरम पाइपात शिरतं आणि स्वयंपाकघरातली सूनबाई गीझरला बोल लावते.

१०. सेफ्टी वॉल्व्हमधून थेंब गळतो म्हणून बूच मारू नकोस — तापलेल्या पाण्याचा दाब तिथूनच सुटतो. वॉल्व्ह रडला म्हणून टाकी हसली. धारच लागली तर मात्र मेकॅनिकला बोलाव.

११. कटआउट सारखा पडत असेल तर तो बायपास करून देणाऱ्याला दारातूनच परत पाठव — पाणी उकळू लागलं की वीज तोडणारं तेवढंच उरलेलं असतं. अर्थिंग तपासून घे, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसव आणि तोवर आंघोळीला शिरण्याआधी बटण बंद करत जा.

१२. गावाकडच्या घरात गॅसचा गीझर असेल तर तो बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत लावून घे — कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस आतच बेशुद्ध पडतो. बाकीचं रविवारी केलंस तरी चालेल, हे आजच कर.