टायमिंगच्या दोन खुणा



भामरागड, एटापल्ली किंवा धारणीकडच्या पाड्यांवर आजाऱ्याला दवाखान्यात नेण्याची वेळ आली की अनेकदा मोटरसायकलच कामी येते. म्हणून नागपुरात इंजिनकाम शिकून गावी परतणाऱ्याने टायमिंग अंदाजाने लावू नये. स्प्लेंडरसारख्या 97.2 सीसीच्या इंजिनाचे उदाहरण घेऊ.

हवा-पेट्रोल ओढणे, दाबणे, स्फोट आणि धूर बाहेर टाकणे, या चार कामांत क्रँक दोनदा फिरतो, कॅम एकदाच. म्हणून कॅमच्या चाकाला दुप्पट दाते असतात. 28 दात्यांच्या चाकावर चेन एक दात चुकली, तर कॅम सुमारे 13 अंश, म्हणजे क्रँकच्या हिशेबाने सुमारे 26 अंश सरकतो. गाडी ओढत नाही, फटाके मारते. काही इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतो.

कृती

1. प्लग काढा. मॅग्नेटोवरची झाकणे उघडून क्रँक चालत्या दिशेने पान्याने फिरवा. चेन वर धरून ठेवा, नाहीतर खाली अडकते.

2. मॅग्नेटोवरची ‘टी’ खूण केसिंगच्या खुणेसमोर आणा. जवळच ‘एफ’ असते. ती ठिणगीची आहे, तिच्यावर थांबू नका.

3. कॅमचे उंचवटे पिस्टनकडे ठेवून चाकावरची खूण हेडच्या खाचेसमोर आणा आणि चेन चढवा. बोल्ट लावताना चेनच्या पोकळीत स्वच्छ फडके कोंबा; नंतर आठवणीने काढा.

4. चेनचा ताण बसवा. क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवून दोन्ही खुणा पुन्हा पाहा. मध्ये कुठे अडले तर जोर लावू नका, खोलून तपासा. तोपर्यंत किक मारायची नाही.

5. आता दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत. थंड इंजिनावर, त्या मॉडेलच्या पुस्तकातील मापाची पट्टी घालून टॅपेट जुळवा. घट्ट राहिला तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, दाब गळतो आणि व्हॉल्व्ह जळतो. सैल राहिला तर टकटक वाजतो.

मॉडेल बदलले की खुणांची जागा बदलते. म्हणून जुने इंजिन उघडतानाच खुणा पाहून वहीत चित्र काढावे.

सरावासाठी: ‘टी’ खूण समोर आहे, पण कॅमची खूण खाचेच्या बरोबर उलट बाजूला दिसते. क्रँक आणखी किती फेरे फिरवाल? (उत्तर: एक.)