साजगावच्या विठोबाची यात्रा
(परिसर अभ्यासाच्या शिक्षकांसाठी पाठ-टिपण)

पाठाचा हेतू

सणांविषयीचा धडा शिकविताना बहुधा पंढरपूर, आळंदी, जेजुरी अशी दूरची नावे घेतली जातात. खालापूर व कर्जत तालुक्यांतील मुलांपैकी पुष्कळांनी ही क्षेत्रे पाहिलेली नसतात. परंतु खोपोलीजवळच्या साजगावची यात्रा त्यांच्या ओळखीची असते. वडिलांच्या खांद्यावर बसून ती तेथे गेलेली असतात, पाळण्यात बसलेली असतात, घरी आणलेल्या सुक्या मासळीचे गाठोडे त्यांनी सोडलेले असते. मुलाने डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीपासून आरंभ करून तिच्यामागील भूगोल, इतिहास व आचार त्यास समजावून देणे हा ह्या पाठाचा हेतू होय.

स्थळ व तिथी

बोरघाटाच्या पायथ्याशी खोपोली आहे व तिच्या निकट साजगाव. तेथील ताकई येथे विठ्ठलाचे मंदिर आहे. ह्या स्थानास लोक ‘धाकटी पंढरी’ म्हणतात. यात्रा कार्तिक वद्य एकादशीस सुरू होते व पुढे सुमारे पंधरा दिवस बाजार भरलेला असतो.

तिथीकडे मुलांचे लक्ष वेधावे. पंढरपूरची कार्तिकी यात्रा शुद्ध एकादशीस भरते. वद्य एकादशीस वारकरी आळंदीस जमतात. कारण ज्ञानेश्वर महाराजांनी इ. स. १२९६ मध्ये कार्तिक वद्य त्रयोदशीस तेथे समाधी घेतली. म्हणजे घाटावर आळंदी गजबजलेली असते, त्याच दिवशी घाटाखाली साजगावी टाळ-मृदंग वाजत असतात. ज्याला घाट चढणे घडत नाही, त्याला विठोबा घाटाच्या पायथ्याशीच भेटतो.

एकादशीचा आचार मुलांना बहुधा ठाऊक असतो. पहाटेची काकडआरती, देवाचा अभिषेक, तुळशीची माळ, कपाळी बुक्का, भजन-कीर्तन, दिवसभराचा उपवास आणि द्वादशीस पारणे, हा क्रम त्यांच्याकडूनच काढून घ्यावा व फळ्यावर लिहावा.

‘बोंबल्या विठोबा’ हे नाव

साजगावच्या देवास लोक प्रेमाने ‘बोंबल्या विठोबा’ म्हणतात. हे नाव ऐकताच वर्गात हशा पिकतो. शिक्षकांनी रागावू नये व स्वतः हसूही नये. पाठाचे मर्म ह्याच नावात आहे.

नावाची एक उपपत्ती सरळ आहे. ह्या यात्रेत सुक्या मासळीचा मोठा बाजार भरतो आणि त्यात बोंबलाचा मान मोठा; त्यावरून देवास हे नाव पडले असे सांगतात. दुसरी उपपत्ती ‘बोंब मारणे’ ह्या क्रियेशी जोडली जाते व तिचा संबंध तुकाराम महाराजांच्या कथेशी लावतात. देहूचे तुकाराम महाराज मिरच्या विकण्यास कोकणात उतरले होते, ही कथा महिपतींच्या संतचरित्रात आली आहे. महाराजांचा भोळा स्वभाव पाहून गिऱ्हाइकांनी मनास येईल तेवढ्या मिरच्या नेल्या आणि दाम दिले नाहीत. तेव्हा विठ्ठलाने त्यांचा माणूस होऊन घरोघर जाऊन येणे वसूल केले. ही घटना साजगावीच घडली आणि वसुलीसाठी देवाने बोंब ठोकली, असे येथील परंपरा मानते.

दोन्ही उपपत्ती मुलांना सांगाव्यात. मात्र ही परंपरा आहे, लिखित इतिहास नव्हे, हेही सांगावे. आख्यायिकेचा बोध लहान मुलासही कळतो. तोलून न घेता माल नेणे व दाम न देणे हा अपराध आहे; आणि भोळ्याचे बुडालेले पैसे मिळवून देण्याचे काम देवासही हलके वाटले नाही.

घाट आणि समुद्र

देवाच्या दारी मासळी का, हा प्रश्न चौकस मुलगा विचारतोच. त्याचे उत्तर भूगोलात आहे.

साजगाव सह्याद्री व समुद्र ह्यांच्यामधल्या वाटेवर आहे. बोरघाट ही देशाहून कोकणात उतरण्याची जुनी वाट. गाड्यांना योग्य असा रस्ता १८३० साली खुला झाला, खोपोलीपर्यंत आगगाडी १८५६ साली आली आणि १८६३ मध्ये लोहमार्ग घाट चढून वर गेला. त्याच्या कितीतरी आधीपासून माणसे व बैल ह्या घाटाने चढउतार करीत होते. देशावरून मिरची व घोंगडी खाली यावयाची. किनाऱ्यावरून मीठ व सुकी मासळी वर जावयाची. तुकाराम महाराजांच्या कथेत मिरचीच का आहे, हे येथे मुलांच्या ध्यानात येईल. आजही यात्रेत सुक्या मासळीबरोबर मिरची-मसाला, घोंगडी व बैल ह्यांचा बाजार प्रसिद्ध आहे.

काळही तसाच जुळून येतो. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर असतात व मासळी वाळविण्यास ऊन नसते. पाऊस सरल्यावर कोळी लोक बोंबील काठ्यांवर टांगून वाळवितात. जवळा अंगणात पसरून सुकवितात. इकडे दिवाळीच्या सुमारास भाताची कापणी होते व शेतकऱ्याच्या घरी दाणा येतो. कार्तिकात दोन्ही बाजूंचा माल तयार असतो, वाटा कोरड्या असतात, आणि एकादशी माणसांना एकत्र आणते.

माळकरी मासळीस शिवत नाही. गळ्यात माळ नसलेला शेतकरी एकादशीचा उपवास तितक्याच निष्ठेने करतो आणि पारणे झाल्यावर घरच्या बेगमीस बोंबील, सुकट, वाकट्या घेतो. दोघेही एकाच रांगेत उभे राहून एकाच मूर्तीचे दर्शन घेतात. ज्याच्या घरी मासळी शिजते त्याची भक्ती उणी, असा समज वर्गात कोणी बोलून दाखविल्यास साजगावचे उदाहरण द्यावे. आगरी, कोळी, ठाकूर वा कातकरी घरातील मुलाने आपल्या घरचे अन्न सांगताना मान खाली घालता कामा नये.

यात्रा आणि हजेरी

यात्रेच्या दिवसांत हजेरी घटते. मुलांस दंड करून ती वाढत नाही. यात्रेपूर्वी हा पाठ घ्यावा, पाहून येण्यासाठी काम नेमून द्यावे व परतल्यावर प्रत्येकाकडून तोंडी वृत्तांत ऐकावा. म्हणजे यात्रेस गेलेले मूल शाळेपासून तुटत नाही.

एका गोष्टीकडे मात्र विशेष लक्ष द्यावे. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांच्या व कोळशाच्या कामावर परगावी जातात. यात्रेहून परतलेली मुले आठ दिवसांत वर्गात दिसतात. भट्टीवर गेलेले मूल पावसाळ्याच्या तोंडापर्यंत दिसत नाही. हजेरीपत्रकावर दोघांपुढे खूण एकच पडते. यात्रेच्या निमित्ताने पट तपासून कोण कोठे गेले ह्याची वाडीवर जाऊन चौकशी करावी व मूल ज्या गावी गेले असेल तेथील शाळेस कळवावे.

स्वाध्याय

१. यात्रेत पाहिलेल्या दहा वस्तूंची नावे लिहा. प्रत्येक वस्तू घाटावरची, किनाऱ्यावरची की आपल्या तालुक्यातील, ते सांगा.
२. कार्तिक शुद्ध एकादशी व कार्तिक वद्य एकादशी ह्यांत किती दिवसांचे अंतर असते, ते दिनदर्शिकेत पाहा.
३. शेर व पायली ही मापे घरातील वडील माणसांकडून समजून घ्या. आज त्यांच्या जागी कोणती मापे आहेत?
४. खोपोली, बोरघाट, देहू व आळंदी ही ठिकाणे नकाशात दाखवा.
५. तुकाराम महाराजांच्या मिरच्यांची गोष्ट आपल्या शब्दांत सांगा. गिऱ्हाइकांनी कसे वागावयास हवे होते?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर लिहून न घेता तोंडी घ्यावे. जी मुले एरवी गप्प बसतात, त्यांना प्रथम बोलू द्यावे. बाजार त्यांनीही पाहिलेला असतो.