वाचनालयाला महापालिकेची मदत मिळेल का?

प्रश्न : बुऱ्हाणपुरात आमचे मंडळ मोफत वाचनालय चालवते. महापालिकेकडे मदत मागता येईल का?

उत्तर : जरूर मागा, मात्र मंडळासाठी नव्हे, कामासाठी. 1992च्या 74व्या घटनादुरुस्तीतील नागरी संस्थांच्या 18 विषयांत सांस्कृतिक व शैक्षणिक संवर्धन येते, त्यामुळे तुमची मागणी म्हणजे याचना नव्हे. मध्य प्रदेशच्या 1973च्या सोसायटी कायद्याखालील नोंदणी, लेखापरीक्षित हिशेब आणि नेमका खर्च अर्जासोबत जोडा. ‘ओळखीशिवाय काही होत नाही’ हा आक्षेप निराधार नाही. म्हणूनच अर्जाची पोच घ्या, उत्तर न आल्यास माहिती अधिकार वापरा. सरकारी पैशाने स्वायत्तता जाईल, ही भीतीही रास्त आहे. त्यावर उपाय लोकवर्गणीचा. रोजचा खर्च वर्गणीतून भागवा, अनुदान कपाटे-पुस्तकांपुरतेच मागा.