बंदूक घेतेस? आधी माप दे

अगं, तुझा रात्री साडेअकराचा मेसेज मी सकाळी चहा गाळताना वाचला. तीन बंदुकांचे फोटो, प्रत्येकीखाली पौंडांतला आकडा, आणि शेवटी एवढंच, "ताई, घेऊ का?" तिसऱ्या आकड्यापर्यंत पोचेतो अर्धा चहा ओट्यावर सांडला होता. पुसला. आता जरा बस, आणि दुकानदाराला आज काही कळवू नकोस.

आधी हे सांगते की तुला वेडबिड लागलेलं नाही. सांगलीची मुलगी इंग्लंडात येते, ऑफिसच्या सहलीत एकदा क्ले शूटिंग करते आणि वर्षभरात दर दुसऱ्या रविवारी चिखलाचे बूट घालून रेंजवर उभी असते, याचं तुलाच नवल. माझंही असंच झालं होतं. माझी आई अजून मावश्यांना सांगते, "ती तिकडे स्वप्नील कुसाळेसारखं करते." आता कोल्हापूरच्या त्या पोराने 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझ मिळवलं ते रायफलने, जागच्या जागी असलेल्या लक्ष्यावर. आपला कारभार छर्ऱ्यांचा आणि उडत्या तबकडीचा. घरच्यांना सांगायचंच असेल तर राज्यवर्धन राठोडांचं नाव सांग, अथेन्स 2004, डबल ट्रॅपचं रौप्य. ते आपल्या पंगतीतले.

तर बंदूक. खरं सांगू का, 'घेऊ का' हा तुझा प्रश्न नाहीच. घेणार तर तू आहेसच. प्रश्न असा की कोणती तुला बसते, आणि ते फोटोवरून मलाही कळत नाही नि तुलाही कळणार नाही.

माझ्या पहिल्या बंदुकीची कथा तुला अर्धीच माहीत आहे. दोन्ही बाजूंच्या पत्र्यांवर तितर कोरलेले, अक्रोडाच्या लाकडावर अशा रेषा की गरम वरणात तूप सोडल्यासारख्या. वजनाला हलकी, नळ्या 28 इंची. मी भाळले. हलकी म्हणजे बाईमाणसाला सोपी, असं दुकानात कुणीतरी म्हणालं आणि मी मान डोलावली. नंतर कळलं की ती शेतातून दिवसभर हातात वागवायची, दिवसाला चार-दोन बार काढायची बंदूक. मी तिच्यातून एका सकाळी शंभर काडतुसं काढली. बघ, धक्का कुठे जात नाही, तो कुणालातरी खावाच लागतो. बंदूक जड असेल तर बराचसा ती खाते, हलकी असेल तर आपला खांदा आणि गाल. त्यात दस्ता सहा फुटी पुरुषाच्या मापाचा, मी पाच फूट दोन इंच. दस्त्याची कड दर बारला गालाच्या हाडावर.

पुढच्याच आठवड्यात संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. गाल जांभळा. पावडर लावून गेले, तरी बायका आधी माझ्या गालाकडे बघायच्या आणि मग कोपऱ्यात मुकाट्याने खुर्च्या लावणाऱ्या माझ्या नवऱ्याकडे. एका काकूंनी तिळगूळ देताना माझा हात दाबला आणि हळूच म्हणाल्या, "काही असेल तर सांग हो, एकटी समजू नकोस." मी म्हटलं, "काकू, बंदुकीने झालंय." त्यावर त्यांचा चेहरा काय झाला हे तुला सांगायला नको.

आठ महिन्यांनी अर्ध्या किमतीत विकली. म्हणून सांगते, पैठणी कितीही भारी असो, ब्लाउज दुसऱ्याच्या मापाचा असेल तर तू पूर्ण समारंभ खांदा सावरण्यात घालवशील. बंदुकीची कोरीव कामं, लाकूड, नाव, ही झाली पैठणी. दस्ता म्हणजे ब्लाउज. आणि तो शिंप्याकडे जाऊनच होतो.

हा शिंपी म्हणजे गन फिटर. बऱ्याच मोठ्या शूटिंग ग्राउंडवर असतो, तासाभराची वेळ घ्यायची. माझ्यावेळी काय झालं सांगते, म्हणजे तू जाताना घाबरणार नाहीस. त्याने आधी बंदूक उघडून मला दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड दाखवला, मग स्वतः पुन्हा पाहिला. मग म्हणाला, खांद्याला लावा आणि माझ्या डोळ्यात नेम धरा. स्वतः नळीच्या टोकाशी उभा राहून माझ्या डोळ्यात बघत होता! नेमाच्या डोळ्याचं बुबुळ नळीवरच्या पट्टीवर नीट, मधोमध बसलेलं दिसायला हवं. माझं दिसतच नव्हतं, पट्टीच्या मागे बुडलेलं. म्हणजे दस्त्याचा वरचा भाग मला फार खाली पडत होता आणि मी मान वाकडी करून भरपाई करत होते. आपल्याकडे या खेळात मागचं नेमदर्शक नसतं, तुझा डोळाच ते काम करतो. डोळा एक दोरा इकडेतिकडे झाला की तबकडीपर्यंत छर्रे कुठच्या कुठे.

मग चुना फासलेल्या लोखंडी पत्र्यासमोर नेलं. 16 यार्डांवरून, नेम न शोधता, बंदूक वर आली की बार. माझे छर्रे खुणेच्या खाली आणि डावीकडे. त्या अंतरावर इंचभर चूक असेल तर दस्त्यात एक षोडशांश इंचाचा फरक करायचा, असा फिटरांचा ठोकताळा. पत्र्यावर ब्रशने चुना मारून पुन्हा बार, पुन्हा चुना. जत्रेतल्या फुगेवाल्याची आठवण आली मला, फक्त हा फुगेवाला तासाचे पैसे घेत होता.

आणि बाई गं, आपल्या काही गोष्टी पुरुष फिटर संकोचाने बोलत नाहीत, म्हणून मी बोलते. दस्त्याच्या मागच्या टोकाची खालची चोच आपल्या छातीत रुतते. तिचा कोन बदलून घेता येतो, चोच जराशी बाहेर वळवूनही घेता येते. लाजू नकोस, बोट ठेवून दाखव की इथे टोचतं. ब्राच्या पट्टीची कडी बरोबर खांद्याच्या खोबणीत येते, तिथे काळंनिळं होतं. रेंजवर कडी नसलेली घाल. आणि मंगळसूत्र घरी. माझे दोन काळे मणी दस्त्याखाली सापडून त्यांचा ठसा तीन दिवस अंगावर होता, नवरा म्हणाला, आता तर गोंदवूनच घेतलंस.

दुकानातल्या बहुतेक दस्त्यांची लांबी साडेचौदा-पावणेपंधरा इंच असते. तुझ्या उंचीला ती जास्तच होणार, पण किती ते फिटर ठरवेल, आणि तू जानेवारीतल्या जाड जाकिटात जातेस की जूनच्या कुर्त्यात, यावरही ते बदलतं. लाकूड कापून घेतलंस तर कापलेला तुकडा जपून ठेव, विकताना परत जोडायला लागतो. वर-खाली होणारी गालपट्टी असलेला दस्ता मिळाला तर सगळ्यात उत्तम. बेरेट्टाची 'व्हिट्टोरिया' नावाची बायकांच्या मापाची मालिकाही आहे, तीही खांद्याला लावून बघ. पण बायकांसाठी म्हणून काढली म्हणजे तुझ्यासाठी काढली, असं नाही हं.

डोळ्यांचंही बघून घे. हात लांब करून दोन्ही तळव्यांचा छोटा त्रिकोण कर, त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघ, मग एकेक डोळा मिट. ज्या डोळ्याला घड्याळ दिसत राहतं तो तुझा मुख्य डोळा. तो डावा निघाला आणि तू उजव्या खांद्यावरून मारत असशील, तर दहा हजारांच्या बंदुकीचा बारसुद्धा तबकडीच्या शेजारून जाईल.

आता तुझे तीन फोटो. पहिली बेरेट्टाची सिल्व्हर पिजन, साधारण दोन-अडीच हजारांच्या घरातली. अर्धं इंग्लंड हिच्यावर शिकलंय. दुसरी मिरोकू. ती जपानी, ब्राउनिंगच्या बंदुका बनवणाऱ्याच कारखान्याची. मिरोकू आणि ब्राउनिंग, या दोघींचं गोत्र एका म्हाताऱ्याच्या रेखाटनापर्यंत जातं. जॉन ब्राउनिंग 1926 साली बेल्जियममधल्या कारखान्यात काम करता करताच गेला, त्याची वर-खाली नळ्यांची बंदूक मुलाने पुरी केली आणि ती 1931 मध्ये बाजारात आली. तुझी मिरोकू त्याची नात. तिसरी पेराझी एमएक्स8. तिच्यावर तुझं मन बसलंय, मला कळत नाही का? मेक्सिको ऑलिंपिकसाठी, 1968 ला, टोकियोच्या ट्रॅप सुवर्णविजेत्या एन्नियो मात्तारेल्लीच्या सल्ल्याने ती घडली, म्हणून नावात एमएक्स8. चापाचा सगळा संच हाताने बाहेर काढता येतो, स्प्रिंग तुटली तर खिशातला दुसरा संच बसवून फेरी पुरी करायची. नवीन घेशील तर सिल्व्हर पिजनच्या कितीतरी पट आणि पुढे जितकं लाकूड आवडेल तितकं.

ती महाग उगाच नाही. चाप काचेच्या काडीसारखा तुटतो, ओढावा लागत नाही. वजन दोन्ही हातांच्या मधे असं बसतं की नळी आपोआप तबकडीच्या मागे निघते. लाखभर बारांनंतर कारखान्यात पाठवलीस तर नवी होऊन येते. मी आता तीच वापरते, जुनी घेतलेली. पण मी ती सहाव्या वर्षी घेतली, माझं माप कागदावर लिहून, घडी करून पर्समध्ये ठेवून. तू एका वर्षात अजून तुझा खांदा कुठे आहे हे शोधते आहेस. वर्षाने तुझी उभं राहण्याची पद्धत बदलेल, माप बदलेल. छर्ऱ्याला आपण किती पैसे दिले हे कळत नाही गं.

हिशेब कर. काडतुसांची पेटी 250 ची. पंधरवड्याला शंभर तबकड्या म्हटलं तरी वर्षाला 2600 काडतुसं, दहावर पेट्या. त्यात ग्राउंडचे पैसे, पेट्रोल आणि बेकन रोलचा तो वास (मी नाही खात, पण बाजूला उभं राहून चहा पिते). सगळे पैसे पेराझीत घातलेस तर ती कपाटात राहील, आणि तू शनिवारी तिला नुसतं पुसत बसशील. माझ्या हातात असतं तर मी दोन वर्षं वापरलेली चांगली सिल्व्हर पिजन किंवा मिरोकू घेतली असती, 30 इंची नळ्यांची, वजनाला साडेसात-आठ पौंडांची. उरलेल्यातून फिटर, दहा लेसन आणि काडतुसं.

जुनी बघायला जाशील तेव्हा वरची दांडी, म्हणजे बंदूक उघडायची ती, बंद केल्यावर कुठे थांबते ते बघ. मधल्या रेषेच्या उजवीकडे असेल तर अजून आयुष्य आहे. मधली रेष ओलांडून डावीकडे गेलेली असली तर सांधा झिजलाय. पुढचं लाकूड काढून बंदूक हलवून बघ, खुळखुळली की नमस्कार करून निघ. नळ्या उजेडाला धरून आतून गोल फिरव, पोचा असेल तर चकाकीत सावलीचा वळसा दिसतो, स्टीलच्या पातेल्यासारखा. आणि नळीवर कमळासारखा फ्लर-द-लीचा ठसा आहे का ते बघ, म्हणजे जास्त दाबाची स्टीलची काडतुसं चालतात. इथल्या सरकारने 2025 मध्ये शिशाच्या छर्ऱ्यांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणायचं जाहीर केलंय, त्यामुळे हा ठसा आणि नळीच्या टोकाचे बदलता येणारे चोक आता चैनीचे राहिले नाहीत.

आणि बंदुकीच्या सर्टिफिकेटचं धास्तावू नकोस. पोलिसांकडून येणारा माणूस घरी येईल, बंदुकीचं कपाट भिंतीला घट्ट आहे का बघेल, डॉक्टरांकडून माहिती मागवतील. पाच वर्षांचं असतं. कपाटाची किल्ली मात्र तुझ्याखेरीज कुणाला सापडता कामा नये, नवऱ्यालासुद्धा, त्याचं सर्टिफिकेट नसेल तर. मी पहिल्यांदा हुशारीने मिसळणाच्या डब्याच्या खालच्या कप्प्यात ठेवली होती. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी फोडणीला मोहरी काढायला डबा उचलला. तेव्हापासून ती कुठे आहे ते मी तुलाही सांगणार नाही.

येत्या रविवारी सकाळी नऊला ये माझ्याकडे. मग ग्राउंडवर जाऊ. सर्टिफिकेट नसतानाही तिथे बंदूक वापरता येते, तसं बऱ्याच ठिकाणी चालतं, मी फोन करून ठेवते. तिन्ही बंदुका तुला हातात मिळतील, पेराझी माझीच घे. रोजचं जाकीट घालून ये, केस बांधून ये, आणि ते लांब झुमके काढून ठेव गं, कानावरच्या मफमध्ये अडकतात, मी एक कायमचा हरवलाय तिथे सहा नंबरच्या स्टँडवर.