टँकरच्या पाठीवरचे आकडे

प्रश्न : मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर टँकरच्या मागे ‘१२०३’ आणि ‘३ वायई’ असे लिहिलेले दिसते. ते कशासाठी? आणि असे टँकर जुन्या रस्त्याने का वळवत नाहीत?

उत्तर : १२०३ हा संयुक्त राष्ट्रांच्या यादीतला पेट्रोलचा क्रमांक, जगभर एकच. ‘३ वायई’ ही अग्निशमन दलासाठीची सूचना. ३ म्हणजे फेस मारा; पेट्रोल पाण्यावर तरंगते, पाण्याच्या फवाऱ्याने आग उलट पसरते. ‘वाय’ सांगतो, भडक्याची शक्यता आहे, आगीत श्वसनयंत्र लावा, सांडलेले गटारात जाऊ देऊ नका. ‘ई’ म्हणजे आसपासची माणसे हलवण्याचा विचार करा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार हा फलक सक्तीचा आहे. धुळीने माखलेला फलक मात्र असून नसल्यासारखाच!

जुना रस्ता खंडाळा-लोणावळ्याच्या वस्तीतून जातो. मार्ग ठरवताना अपघाताची शक्यता पाहतात, तसेच तो झालाच तर किती माणसे कचाट्यात सापडतील हेही पाहावे लागते. माझ्या मते दुसरा निकष जड ठरावा.

गॅसचा टँकर उलटलेला दिसला तर गाडी पुन्हा सुरू करू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, उताराकडे साचतो. म्हणून वारा येतो त्या दिशेला, चढाच्या बाजूने दूर जा आणि मग ११२ ला फोन करा.