तिकिटांची वही आणि कोंकणचा पावसाळा

पोस्टाचीं तिकिटें जमविण्याचा छंद आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांस असतो. परंतु जमविलेलीं तिकिटें ठेवावीं कशांत, याचा विचार फार थोडे करितात. कोणी जुन्या हिशेबाच्या वहींत तीं खळीनें चिकटवितो, तर कोणी बिस्किटांच्या डब्यांत टाकून देतो. घाटावरच्या कोरड्या हवेंत असा हलगर्जीपणा कांहीं वर्षें खपून जातो. मसुऱ्यासारख्या नदीकांठच्या गांवीं तो खपत नाहीं. येथें चार महिन्यांत शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो, आणि पावसाळ्यांत चामड्याच्या वहाणांवर जी पांढुरकी बुरशी चढते, तीच कागदावरही चढते. म्हणून आल्बम घेतांना त्याचें रंगीत वेष्टण पाहूं नये, आपला श्रावण डोळ्यांपुढें आणावा, असें आमचें सांगणें आहे.

वस्तु कशाची केलेली आहे यावर तिचें आयुष्य अवलंबून असतें, याचें उदाहरण तिकिटांच्याच इतिहासांत आहे. आशिया खंडांतील पहिलें तिकिट १ जुलै १८५२ रोजीं सिंध प्रांतांत निघालें. सिंध तेव्हां मुंबई इलाख्यांत होता व सर बार्टल फ्रिअर हे तेथील कमिशनर होते. अर्ध्या आण्याचीं हीं तिकिटें आरंभीं लाखेसारख्या तांबड्या पदार्थावर ठसा उठवून केलेलीं होतीं. हा पदार्थ इतका ठिसूळ, कीं टपालाच्या थैलींतच तो तडकूं लागला. म्हणून पांढरीं व निळीं तिकिटें काढावीं लागलीं. तांबडीं आज अत्यंत दुर्मिळ झालीं आहेत. तिकिट कशाचें करावें हें आपल्या हातीं नाहीं. परंतु तें कशावर निजवावें, हें आहे.

आतां पानांचा विचार करूं. स्वस्त कागद लांकडाच्या लगद्याचा असतो. त्यांत लांकडाचा चिकट अंश राहिलेला असतो, शिवाय शाई फुटूं नये म्हणून पूर्वीं त्यास राळ व तुरटी देत असत. या दोहोंमुळें कागदांत आम्ल तयार होतें. जुनें वर्तमानपत्र पिवळें पडून हातांत मोडतें, तें याचमुळें. हें आम्ल त्या कागदांतच राहत नाहीं, त्यास टेकलेल्या तिकिटांतही उतरतें. यास्तव आम्लरहित असें स्पष्ट लिहिलेलीं, जाडसर पानेंच घ्यावीं. कापसाच्या चिंध्यांपासून केलेला कागद मिळाल्यास उत्तम. जुन्या छायाचित्रांच्या आल्बमांतील काळीं पानें मोहक दिसतात खरीं, पण त्यांच्या कागदाची खात्री नसते.

बांधणीविषयीं आमचें मत निश्चित आहे. छापील आल्बमची परंपरा जुनी आहे. पॅरिस येथें लालिये नांवाच्या गृहस्थानें १८६२ सालीं असा आल्बम प्रसिद्ध केला. परंतु त्यांत प्रत्येक देशाच्या रिकाम्या चौकटी असतात. पेरू देशाचीं दोन तिकिटें मिळालेल्या मुलास उरलेल्या अठरा चौकटी रोज खिजवितात, आणि त्या भरण्याकरितां तो नको तें विकत घेतो. त्यापेक्षां सुट्या पानांची, कडीची वही बरी. तींत पान वाढवितां येतें, बिघडलेलें काढून टाकतां येतें, आणि आपल्या मनाजोगा विषय मांडतां येतो. १९५८ सालीं महर्षि कर्वे यांचें तिकिट निघालें; हयात भारतीय व्यक्तीचें चित्र आपल्या तिकिटावर येण्याचा तो पहिलाच प्रसंग. पंडिता रमाबाईंचें तिकिट १९८९ सालीं व कोंकण रेल्वेचें १९९८ सालीं निघालें. अशीं तिकिटें जमवून आपल्या मुलखाचीं पानें सजवितां येतील. छापील आल्बम हें सुचवीत नाहीं. पानाच्या एकाच बाजूस तिकिटें लावावीं. दोन्हीं बाजूंस लाविल्यास समोरासमोरचीं तिकिटें एकमेकांत अडकून त्यांचे दांत तुटतात. जागेची वाट पाहणाऱ्या तिकिटांसाठीं पट्ट्यांचें स्टॉकबुक ठेवावें.

प्लॅस्टिकच्या खिशांविषयीं मात्र सावध असावें. पीव्हीसी नांवाच्या प्लॅस्टिकांत तें मऊ राहावें म्हणून जें द्रव्य घालतात, तें उन्हाळ्यांत पाझरतें व तिकिटाची शाई ओढून घेतें. नव्या रेनकोटासारखा वास येणारें पान घेऊं नये. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन यांचे खिसे निरुपद्रवी असतात. वापरलेल्या तिकिटास हिंज चालतो. कोऱ्या तिकिटाचा गोंद शाबूत राहावा म्हणून त्यास माउंट घ्यावा. चिकटपट्टी व खळ यांस कधींही हात लावूं नये. कसर आणि झुरळ खळीच्या वासावरच येतात.

वही कपाटांत उभी ठेवावी, घट्ट दाबून नव्हे. आडव्या चळतीच्या भारानें ओलसर गोंद पानास धरतो. बाहेरच्या भिंतीस कपाट लागून नसावें. सिलिका जेलची पुडी जवळ ठेवावी. ती ओल शोषून भरते, म्हणून अधूनमधून तापवून पुन्हां कोरडी करावी. पावसानें उघडीप दिली कीं वही सावलींत उघडून पानें चाळावीं. उन्हांत घालूं नये, रंग उडतात. डांबराच्या गोळ्याही वहीजवळ नकोत.

पालकांस एक विनंती आहे. घरांत जुन्या पत्रांची पेटी असेल, तर मुलास कात्री देण्यापूर्वीं ती आपण स्वतः पाहावी. १८५४ च्या चार आण्यांच्या तिकिटावर अष्टकोनी चौकट होती. कित्येकांनीं तें चौकटीबरहुकूम कापलें, व त्यामुळें त्याचें मोल पार उतरलें. संबंध पाकिटाची गोष्ट तर याहून मोठी आहे. मुंबईच्या गिरणींतून आलेलें पत्र, १९६१ पूर्वींच्या गोव्याहून पोर्तुगीज तिकिट लावून आलेलें पत्र, पहिल्या महायुद्धांत ‘आय. ई. एफ.’ हीं अक्षरें छापलेलें तिकिट लावून आघाडीवरून आलेलें पत्र, यांवरील शिक्का, तारीख व पत्ता हीं सर्व मिळून त्याचें महत्त्व असतें. तिकिट कापलें कीं शिक्का अर्धा जातो आणि पत्ता केरांत जातो. अशा पाकिटांसाठीं मोठ्या खिशांचीं पानें घ्यावीं, आंतील पत्र घडी उलगडून निराळें ठेवावें. पाकिटावर कांहीं लिहूं नये. तें कोणीं, कोठून व कोणास धाडलें, हें घरांतील वडील मंडळींस विचारून वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीनें टिपावें आणि ती चिठ्ठी त्याच खिशांत मागें सरकवावी.