हमरस्त्याकाठची बांधी विकण्यापूर्वी

गाव कशाने वाढते, या प्रश्नाचे उत्तर आमच्या गोंदिया जिल्ह्यापुरते तरी बहुधा 'वाटेने' असेच येते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नागपूर-छत्तीसगड लोहमार्ग झाला. पुढे जबलपूर व चांदा या बाजूंचे फाटे येऊन मिळाले आणि गोंदिया ही धानाची व गिरण्यांची पेठ बनली. आता तीच गोष्ट हमरस्त्यावर घडत आहे. साकोलीकडून कोहमारा व देवरीवरून छत्तीसगडात जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 53 (पूर्वीचा क्रमांक 6) आणि गोरेगावावरून कोहमाऱ्यास येणारा गोंदियाचा रस्ता, यांच्या काठी दुकानांचे गाळे, उपाहारगृहे व गोदामे उठत आहेत. साहजिकच रस्त्यालगतच्या बांध्यांस गिऱ्हाईक येते. भाव पाहून कास्तकाराचे मन डळमळते, यात नवल नाही. विकू नका, असे आमचे म्हणणे नाही. परंतु बयाणा घेण्यापूर्वी पुढील चार गोष्टी अवश्य पाहाव्यात.

पहिली गोष्ट क्षेत्राची. रस्त्याकरिता पूर्वी संपादन झाले असल्यास ते क्षेत्र सातबाऱ्यातून कमी झाले आहे की नाही, हे फेरफारावरून ताडून पाहावे व मोजणी करून घ्यावी. जमीन भोगवटादार वर्ग 2 ची किंवा आदिवासी खातेदाराची असल्यास हस्तांतरणाचे नियम निराळे आहेत. त्यांची चौकशी तहसील कचेरीत आधी करावी.

दुसरी गोष्ट वाटेची. पुढची बांधी विकली की मागच्या बांधीत बैल, ट्रॅक्टर व धानाचे भारे कोठून न्यावयाचे? तोंडी वचन पुढच्या खरेदीदारास बांधून ठेवीत नाही. यास्तव वाटेची जागा व रुंदी खरेदीखतातच लिहून घ्यावी. जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 143 अन्वये तहसीलदार धुऱ्यावरून रस्ता देऊ शकतात. तथापि भांडण उभे करून मिळविण्यापेक्षा आधी लिहून घेणे बरे.

तिसरी गोष्ट पाण्याची, आणि हीच बहुधा नजरेतून सुटते. आपल्याकडे तलावाचे अथवा बोडीचे पाणी एका बांधीतून दुसऱ्या बांधीत उतरते. मधली बांधी मुरूम टाकून भरली की वरच्या बांधीत पाणी तुंबते आणि खालची कोरडी पडते. नुकसान विकणाऱ्याचेच नव्हे, शेजाऱ्यांचेही होते. 1951 साली मालगुजारी गेली, तरी गावच्या वहिवाटी निस्तार पत्रकात व वाजिब-उल-अर्जात नोंदलेल्या असतात. त्या काढून पाहाव्यात आणि पाटाची व मोरीची जागा मोकळी ठेवण्याची अट खतात घालावी.

चौथी गोष्ट हिशेबाची. महामार्गापासून ठराविक अंतरात बांधकामास मनाई असते. म्हणून कागदावरील सर्वच जागा गाळ्यांच्या उपयोगी पडत नाही. खरेदीदार हे जाणूनच भाव करतो. आपणही जाणावे. सर्व बांधी विकण्याऐवजी रस्त्याकडील पट्टा मुदतीच्या भाडेपट्ट्याने देता येईल काय, अथवा चारदोन कास्तकारांनी मिळून कायदेशीर परवानगीने स्वतःच गाळे बांधावेत काय, याचाही विचार करावा. भाडे दरसाल येते आणि जमीन नावावर राहते.

पैसा हाती आला म्हणजे तो मुलीचे लग्न, घर व जुने देणे यांत लवकर सरतो, आणि रस्त्याकाठची जमीन पुन्हा त्या भावात मिळत नाही. यास्तव कागद आधी पाहावेत, शेजाऱ्यांशी बोलावे आणि बयाणा मागाहून घ्यावा, अशी आमच्या कास्तकार बंधूंस विनंती आहे.